निवडणुकीचं पथ्य

नरहरशास्त्री टोकेकर कुणाशी हात मिळवत नसत. एकदा आमच्या वैद्य मंडळाच्या समारंभाला मामलेदारसाहेब आले. साहेबी थाटाचे गृहस्थ. त्यांनी ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांशी शेकहँड करायला सुरुवात केली. शास्त्रीबुवांसमोर आले, तसा शास्त्रीबुवांनी आपला उजवा हात उपरण्यात गुंडाळला, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "माफ करा. हात दिला म्हणजे नाडी दिली. नाडी कुणालाही द्यायची नसते." मामलेदारांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हाताने स्वतःची पगडी सारखी केली आणि ते पुढच्या माणसाकडे गेले.

यात उर्मटपणा नव्हता हो. उर्मट माणूस तोंडाकडे बघून बोलतो, हे जमिनीकडे बघत होते. त्यांचं मतच तसं होतं. मनगट ही माणसाची आतली खोली, तिथे परक्याने शिरायचं काम नाही. वाण्याकडून पुडी घेताना ते बाही पार बोटांपर्यंत ओढायचे. अख्ख्या नाशकात त्यांचं मनगट धरायची मुभा एकाच माणसाला होती, ते म्हणजे पंचवटीतले वैद्य सीतारामपंत. दोघे एका गुरूकडे शिकलेले, आणि वैद्याने स्वतःची नाडी स्वतः पाहायची नाही हा त्या गुरूंचा दंडक. त्यामुळे रोज संध्याकाळी शास्त्रीबुवा भद्रकालीतल्या आपल्या खोलीला कुलूप लावायचे, पूल ओलांडून पंचवटीत जायचे आणि सीतारामपंतांच्या ओट्यावर बसायचे. आधी हे त्यांची नाडी बघत, मग ते यांची.

"काल वांगं खाल्लंस."

"खाल्लं."

झालं बोलणं. मग दोघे म्हातारे येणारे-जाणारे टांगे बघत बसायचे. शास्त्रीबुवांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आम्हा तरुण वैद्यांना मात्र या रोजच्या नाडीपरीक्षेचं भारी हसू यायचं. रोज काय नवीन निघणार आहे त्या मनगटातून, असं आम्ही म्हणायचो.

शास्त्रीबुवांचा लाडका शब्द पथ्य. आजाऱ्याला पथ्य सगळेच वैद्य सांगतात, पण यांनी धडधाकट माणसांनाही सोडलं नव्हतं. जिना चढताना बोलू नये. जेवल्याबरोबर वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचू नये, करपट ढेकरा येतात. कुणाशी भांडायचं असेल तर उभ्याने भांडू नये, बसून घ्यावं, म्हणजे निम्मं भांडण गुडघ्यांतच जिरतं. एखादी गोष्ट त्यांना पटली नाही की ती चूक आहे असं ते म्हणत नसत. "पथ्यात बसत नाही" एवढंच म्हणत. आणि समजून उमजून कुणी वाकडं वागलं की नाक वर करून "प्रज्ञापराध" असा शेरा मारत. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की चांगल्या चांगल्यांना घाम फुटायचा.

मी पुण्याहून शिकून आलो आणि रविवार कारंज्याजवळ दवाखाना थाटला, तेव्हा ते आपणहून बघायला आले. औषधांच्या बरण्या बघितल्या नाहीत, खल-बत्ता बघितला नाही. दाराबाहेर उभे राहून माझ्या नावाची पाटी वाचली आणि म्हणाले, "माधवा, अक्षरं फार फुगली आहेत. सूज उतरव." मी दुसऱ्या दिवशी लहान अक्षरांची पाटी करून घेतली. राग आला होता, पण करून घेतली.

ही सगळी मोठं युद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा जिकडे तिकडे निवडणुकीचं वेड पसरलं होतं. कौन्सिलची निवडणूक, नगरपालिकेची निवडणूक, भिंतीभिंतींवर नावं. मग आमच्या वैद्य मंडळालाच ते का लागू नये? मंडळ म्हणजे फार मोठं नव्हे. नाशकातले आम्ही, शिवाय निफाड, चांदवड, लासलगाव इकडचे, असे सगळे मिळून चाळीसेक वैद्य. गावातले एक हकीमसाहेबही आमचे सभासद होते. एका धर्मशाळेच्या माडीवर आमच्या सभा भरायच्या. पण अध्यक्षपदासाठी जी काही धुमाळी चालायची, ती बघून एखाद्याला वाटावं की इथे गव्हर्नर नेमताहेत.

त्यातून आमचे आधीचे अध्यक्ष दामोदरपंत म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्या शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात पंचांगात यायची. मोटार होती. मागच्या निवडणुकीत त्यांनी मोटारीतून गावोगाव हिंडून घरोघरी च्यवनप्राशाच्या बरण्या पोचवल्या. तेही एक वेळ ठीक. पण त्यांचा शेकहँड फार लांब असायचा. हात हातात घ्यायचे, तर्जनी हळूच मनगटाखाली सरकवायचे आणि बोलता बोलता प्रतिस्पर्ध्याचं नाव काढायचे. नाव ऐकून समोरच्याची नाडी उडाली, की हा आपला नाही असं समजून त्याच्या घरी दुसरी बरणी जायची. खरंखोटं देव जाणे, पण सगळ्यांचा विश्वास बसला होता. निफाडचे आमचे विठोबाअण्णा तर त्या निवडणुकीभर दोन्ही हात खिशात घालून हिंडत होते. नमस्कारही मानेनेच करायचे.

या प्रकाराने शास्त्रीबुवा अस्वस्थ झाले. वार्षिक सभेत ते उभे राहिले. सहसा ते सभेत बोलत नसत, जेवणानंतर बोलणं पथ्यात बसत नव्हतं. पण त्या दिवशी उपाशीपोटी आले होते. म्हणाले, रोग्याला आपण पथ्य सांगतो, मग निवडणूक हाही एक ज्वरच आहे, त्याला पथ्य नको का? आणि त्यांनी प्रचाराचं पथ्य वाचून दाखवलं. प्रतिस्पर्ध्याच्या औषधाची निंदा करू नये. त्याच्या हातून मेलेल्या रोग्यांची नावं घेऊ नयेत. मतदाराला खायला, प्यायला, चघळायला किंवा चाटायला काही देऊ नये. आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून मतं मोजून होईपर्यंत कोणत्याही उमेदवाराने मंडळाच्या कोणत्याही सभासदाची नाडी पाहू नये. शेवटच्या कलमाला माडी दणाणून टाळ्या पडल्या. दामोदरपंतांनीही वाजवल्या, न वाजवून करतात काय.

पथ्य एकमताने मंजूर झालं. प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी आहे असं वाटत होतं. शास्त्रीबुवांनाच निवडणुकीचे निरीक्षक नेमलं. मला सहनिरीक्षक केलं, कारण मी कुठल्याच गटात नव्हतो. खरं सांगायचं तर मला कुठल्या गटाने घेतलंच नव्हतं.

पहिली अडचण हकीमसाहेबांनी काढली. मोठ्या अदबीने त्यांनी विचारलं की शास्त्रीजी, आमच्याकडे शरबत हीच दवा असते, मग ते पेय धरायचं की औषध? आणि उमेदवाराच्या दाराशी सभासद खरोखरच आजारी होऊन आला, तर त्याने काय हात बांधून बसायचं? प्रश्न बिनतोड होता. शास्त्रीबुवांनी एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी निकाल दिला तो असा: कडू औषध चालेल, गोड चालणार नाही. कडू घेऊन कुणी मत देत नसतो. हकीमसाहेब म्हणाले, "और शरबत?" शास्त्रीबुवा म्हणाले, "किराईत घालून द्या." हकीमसाहेबांचं तोंड तेवढ्यानेच कडू झालं.

या निकालाचा परिणाम काय व्हायचा तो झाला. दामोदरपंत कसले गप्प बसताहेत? त्यांनी किराईताच्या काढ्याचे मोठमोठे तांबे भरून घेतले आणि मोटारीत घालून गावोगाव निघाले. हवा बदलली आहे, प्रकृतीला जपा, असं म्हणत मतदारांना आग्रह करकरून पाजू लागले. आपल्या हाताने पाजताहेत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? चारच दिवसांत विठोबाअण्णा निफाडहून तक्रार घेऊन माझ्या दारात उभे. "मत बी देतो, सही बी देतो, पण तो काढा थांबवा. लय कडू हाय, जेवण जाईना." शास्त्रीबुवांना हे सांगितलं तर त्यांचं एकच म्हणणं, की पथ्यात बसतंय.

आता मुख्य भानगड सांगतो. इतकं पथ्य बांधलं, पण दामोदरपंतांविरुद्ध उभं राहायला कुणी तयार होईना. त्यांची मोटार, त्यांचं वजन, कोण अंगावर घेणार? तेव्हा शास्त्रीबुवा सीतारामपंतांकडे गेले. मी बरोबर होतो. रोजच्यासारखी नाडी बघून झाली आणि हे एकदम म्हणाले की सीताराम, तू उभा राहा.

सीतारामपंत म्हणजे अतिशय सरळ माणूस. त्यांच्याइतकी नाडी जिल्ह्यात कुणाला कळत नव्हती, पण ते चार माणसांत उभे राहिले की घसा बसायचा. शास्त्रीबुवांच्या मनात मात्र फार वर्षांपासून एकच होतं. हा माणूस एकदा तरी त्या खुर्चीवर बसलेला बघायचा. स्वतःसाठी त्यांनी जन्मात काही मागितलं नसेल, पण हे त्यांना हवं होतं, आणि ते बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. सीतारामपंत बराच वेळ नाही नाही म्हणत राहिले. मग म्हणाले, "अरे, पण मी उमेदवार झालो तर तुझी नाडी कोण बघणार?"

शास्त्रीबुवा उपरणं सारखं करत म्हणाले, "निवडणुकीपुरतं राहील."

परत येताना पुलावर मी त्यांना टोकलं. निरीक्षकानेच उमेदवार उभा करायचा, हे पथ्यात बसतं का? ते म्हणाले, "एकच उमेदवार असला तर निवडणूक होत नाही. निवडणूक होईल हे पाहणं निरीक्षकाचं काम. उद्या त्याने नाव दिलं, की मी त्याला ओळखत नाही." आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून ते सीतारामपंतांना ओळखेनासे झाले.

काय सांगू तुम्हाला. सीतारामपंतांकडे हळदीकुंकू झालं, तिथे एका मतदाराची बायको गेली आणि तिच्या ओटीत बत्तासे पडले. दामोदरपंतांच्या माणसांनी लगेच तक्रार केली. शास्त्रीबुवांनी सीतारामपंतांकडून खुलासा मागवला. "आपण" म्हणून मागवला. ज्या माणसाला लहानपणापासून अरे-तुरे केलं, त्याला आपण! बत्तासे परत घ्या असा हुकूम झाला, तर ते बाईने खाऊन टाकलेले. मग तिच्या नवऱ्याला सीतारामपंतांकडून तितकाच कडू काढा दिला जावा म्हणजे तोल साधेल, असा निकाल झाला. त्या बिचाऱ्याने दामोदरपंतांचा काढा सकाळीच घेतला होता. तो कुणाकडे बघून रडणार?

संध्याकाळी मात्र शास्त्रीबुवांचे पाय राहत नसत. नेहमीच्या वेळी कुलूप लावायचे, मला हाक मारायचे आणि आम्ही नदीकडे निघायचो. पुलाच्या मध्यावर आले की थांबायचे. पलीकडे पंचवटीच्या बाजूला सीतारामपंतही नेमके त्याच वेळी फिरायला आलेले असायचे. एकदा त्यांनी तिकडून हात वर केला. मी म्हटलं, शास्त्रीबुवा, ते बघा, बोलावताहेत. शास्त्रीबुवांनी हात उपरण्यात घट्ट धरला. "हात वर केला तर लोक म्हणतील निरीक्षकाचा पाठिंबा आहे. हवा चांगली आहे, नाही?" मग आम्ही मागे वळायचो. परतीच्या वाटेवर मला मनातून चिडायला व्हायचं. एवढं कसलं ते पथ्य, की स्वतःच्याच माणसाकडे हात करता येऊ नये?

मतदानाची पद्धतही त्यांचीच. चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, म्हणून चिठ्ठ्या नकोत. प्रत्येक सभासदाला दारात एक हिरडा आणि एक बेहडा द्यायचा. पडद्यामागे झाकलेला हंडा. ज्याला मत द्यायचं त्याचं फळ हंड्यात टाकायचं, उरलेलं शेजारच्या टोपलीत. यावरही दामोदरपंतांनी वाद घातला. हिरडा हे औषधांत श्रेष्ठ, ते ज्याला मिळेल त्याचा आपोआप प्रचार होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सोडत काढली. हिरडा सीतारामपंतांना आला. शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण जिना उतरताना ते बोलत होते. जिन्यात बोलण्याची त्यांच्या आयुष्यातली ती एकच वेळ असावी.

मतदान दोन-तीन दिवसांवर आलं आणि शास्त्रीबुवांना ताप भरला. मी सकाळी गेलो तर घोंगडी पांघरून पडलेले. नाडी बघायला हात पुढे केला, तशी त्यांनी मूठ घोंगडीत ओढून घेतली. दुसऱ्या कुणाला बोलावू का, तर नको. काही खाल्लंय का, तर नाही. मी पंचवटीत जाऊन सीतारामपंतांच्या घरी सांगितलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, लगेच तांदळाची पेज करून दिली. ती घेऊन आलो तर शास्त्रीबुवा विचारतात, "उमेदवाराच्या घरची?"

"हो."

"गोड की कडू?"

मी म्हटलं, अहो, पेजेला कसली आली आहे चव! ते म्हणाले, मग बसत नाही, कडू असायला हवी. असा संताप आला मला. तसाच भांडं घेऊन परत गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाची कोवळी डहाळी तोडली, पेजेत बुडवली आणि भांडं पुन्हा माझ्या हातात दिलं. शास्त्रीबुवांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळी पेज संपवली. म्हणाले, "वहिनींनी पथ्य नीट वाचलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरडे-बेहडे मोजायचे म्हणून गेलो, तर त्यांच्याकडे बघवेना. ओठ सुकलेले, डोळे लाल, बोलणं तुटक. मनगट अजूनही घोंगडीत. मी मोजणी तशीच टाकली, टांगा केला आणि सीतारामपंतांना घेऊन आलो. वाटेत ते एवढंच बोलले, की रोज बघितली असती तर मला आधीच कळलं असतं.

ते दाराशी आले मात्र, आतून आवाज आला, "उमेदवाराने बाहेरच थांबावं."

सीतारामपंत उंबऱ्याबाहेर थांबले. मग शांतपणे म्हणाले, "मी उमेदवारी मागे घेतली, नरहरी. आता हात दे."

"मुदत गेली. परवाच गेली. आता मागे घेता येत नाही."

हेही यांनीच घातलेलं कलम. सीतारामपंत मटकन पायरीवर बसले. मी या दोघांच्या मध्ये उभा. एकीकडे आजारी माणूस, दुसरीकडे जिल्ह्यातला सगळ्यांत चांगला वैद्य, आणि मध्ये एक उंबरा. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की जळो ती निवडणूक. पण सीतारामपंतही आत येईनात. त्यांना त्यांचा मित्र ठाऊक होता. जबरदस्तीने हात धरला असता तर त्याने पुन्हा कधी तो पुढे केला नसता.

मग शास्त्रीबुवांनी मला जवळ बोलावलं. "माधवा, तू सहनिरीक्षक. माझा मंडळाच्या सभासदत्वाचा राजीनामा तू घेऊ शकतोस."

मी चरकलो. मी म्हटलं, शास्त्रीबुवा, परवा मतदान आहे. सभासद नसलात तर मत गेलं. एकेका मताची चुरस आहे, तुम्हीच म्हणत होता. आणि तुमच्याच मनात होतं ना, की यांनी...

"घेतलास का राजीनामा?"

"घेतला."

"ते हिरडे मोजायचे आहेत ना, त्यातून एक हिरडा आणि एक बेहडा काढून ठेव. मतदार एक कमी झाला." एवढं बोलून ते थोडे थांबले. "आता सांग, सभासद नसलेल्या माणसाची नाडी उमेदवाराने बघावी, याला कुठल्या पथ्याची हरकत आहे?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही.

मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "सीताराम, ये."

सीतारामपंत आत आले, खाली बसले आणि त्यांनी हात पुढे केला. घोंगडीतून ते मनगट बाहेर आलं. मी ते इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. अगदी बारीक होतं. सीतारामपंतांनी तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. शास्त्रीबुवांनी भिंतीकडे तोंड केलं. दोघे तसेच राहिले. बाहेर उन्हं खाली आली, रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली, मी हिरडे मोजून संपवले, पुन्हा मोजले, तरी ते हात तसेच होते. इतका वेळ नाडी बघायची म्हणजे काहीतरी वाईट दिसतंय, असं मी समजून चाललो. पण शेवटी सीतारामपंत उठले आणि मला म्हणाले की सुंठेचा काढा दे, होईल बरा.

मतदान ठरल्याप्रमाणे झालं. मोजणी मी केली, एकट्याने. हंडा रिकामा केला, हिरडे एकीकडे, बेहडे एकीकडे. पुन्हा मोजले. मग हकीमसाहेबांना मोजायला लावले. सीतारामपंत एका हिरड्याने पडले होते.

आता तुम्ही म्हणाल की तो एक हिरडा कुणाचा. सभासद नव्हता म्हणून टाकला गेला नाही, तोच. तो टाकला असता तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या. निदान तेवढी तरी आशा होती. दामोदरपंतांच्या गळ्यात हार पडले. ते सीतारामपंतांशी शेकहँड करायला आले, तेव्हा सीतारामपंतांनी आपले दोन्ही हात जोडले.

खाली आलो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शास्त्रीबुवा घोंगडी पांघरून बसले होते. सभासद नाही म्हणून वर आले नव्हते. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. मोजणी नीट केलीस का, एवढंच त्यांनी विचारलं. केली म्हटलं. सीतारामपंत उतरून आले, तेव्हा शास्त्रीबुवांना एकदम भरून आलं. "माझ्यामुळे गेलं रे, सीताराम. फार वाटत होतं मला."

"भाषण टळलं," सीतारामपंत म्हणाले. "ऊठ आता, ऊन आहे तोवर पूल ओलांडू." आणि ते दोघे गेले. त्या दिवशी प्रथमच मी पुलाच्या अलीकडून परत फिरलो.

माझा राग मात्र काही केल्या जाईना. अध्यक्ष व्हायची योग्यता कुणाची आणि झालं कोण! पंधरवड्याने मी तावातावाने सीतारामपंतांकडे गेलो. म्हटलं, पंत, एक सांगा. त्या दिवशी तुम्ही इतका वेळ नाडी बघत होता, असं काय भयंकर निघालं होतं तिच्यात?

ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "काही नाही. ताप उतरणीला लागला होता. बोट ठेवल्याबरोबर कळलं. मी गेलो नसतो तरी दोन दिवसांत उठून बसला असता."

त्या एवढ्याशा तापासाठी अध्यक्षपद गेलं? "मग एवढा वेळ त्यांचा हात कशाला धरून बसलात?"

पंतांनी अडकित्ता खाली ठेवला. पुलाकडून शास्त्रीबुवा येताना दिसत होते, सावकाश, उपरण्यात उजवा हात गुंडाळून.

"मी कुठे धरला होता, माधवा? माझी बोटं केव्हाच उठली होती. तो सोडत नव्हता."

शास्त्रीबुवा आले, ओट्यावर बसले. उपरणं सोडून त्यांनी हात पुढे केला. मी जरा बाजूला सरकलो आणि टांगे बघत बसलो.